चौदाव्या वर्षी सेंटर, अठराव्या वर्षी काय?

प्रश्न विचारणाऱ्या वडिलांनी बरंच लिहिलं आहे. बाकीच्यांसाठी त्याचा सारांश देतो. वडील मूळचे साताऱ्याचे, आई फिलिपिनो, घर मनिलाजवळ कविते प्रांतात. मुलगा १४ वर्षांचा, उंची ५ फूट ११ इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघात सेंटर, म्हणजे आत रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू. पुढच्या वर्षी मनिलातल्या एका मोठ्या शाळेच्या ज्युनियर संघासाठी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, द्यायची आहे. ओळखीतल्या एका कोचने सांगितलं, "या उंचीचा सेंटर पुढे कुणी घेणार नाही, आत्ताच गार्ड करा." (गार्ड म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा.) शाळेचे कोच म्हणतात, "आमच्याकडे त्याच्याएवढा उंच दुसरा कुणी नाही, त्याला आतच राहू द्या." वडिलांचा प्रश्न असा की कुणाचं ऐकायचं.

मी बरीच वर्षं केसोन सिटी आणि पासिग भागात शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं अशीच असतात. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून आठव्या-नवव्या इयत्तेत सेंटर झालेली आणि दोन-तीन वर्षांत बाकीच्यांनी गाठलेली. या देशात पुरुषांची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आत आहे, त्यामुळे पावणेसहा फुटांचा मुलगा दिसला की त्याला रिंगखाली उभं करण्याचा मोह प्रत्येक कोचला होतो. तो मोह मी समजू शकतो. शाळेच्या कोचला या शनिवारची मॅच जिंकायची असते.

म्हणून खरा प्रश्न गार्ड की सेंटर हा नाही. मुलाची उंची कुठे थांबेल हे आज कुणालाच ठाऊक नसताना त्याच्या हातातली दोन-तीन वर्षं कशावर घालवायची, हा प्रश्न आहे. माझं उत्तर असं: तो ५ फूट ११ वर थांबला, ६ फूट २ झाला किंवा नशिबाने ६ फूट ४ पर्यंत गेला, तरी तिन्ही वेळा उपयोगी पडेल ते आधी शिकवा. एकाच शक्यतेत उपयोगी पडणारं नंतर. आणि सेंटर म्हणून त्याला जे येतं त्यातलं काहीही काढून घेऊ नका.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमची उंची ५ फूट १० आणि मुलाच्या आईची ५ फूट ४ असं तुम्ही लिहिलंय. बालरोगतज्ज्ञ एक साधा अंदाज वापरतात: आईवडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमधली बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं. तुमचे १७८, आईचे १६३, वर १३. भागून येतात १७७. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ सेंटिमीटरचा पट्टा धरतात. म्हणजे वरचं टोक ६ फूट १ च्या आसपास. त्यापलीकडे जाणारी मुलं असतात, पण त्यावर योजना आखू नये. दुसरी खूण तुमच्याच पत्रात आहे: बाराव्या वर्षीच आवाज फुटला, मिसरूड आलं आणि गेल्या वर्षभरात बुटाचं माप बदललेलं नाही. ही लवकर वाढलेल्या मुलाची लक्षणं वाटतात. त्याची जोराची वाढ बहुधा होऊन गेली आहे, वर्गातल्या इतरांची अजून व्हायची आहे. मी डॉक्टर नाही. खात्री हवी असेल तर बालरोगतज्ज्ञ डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय सांगू शकतात.

उंचीइतकंच, किंबहुना जास्त, मी पाहतो ते हात वर करून भिंतीवर कुठे पोचतात ते. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू, डोक्याने घेत नाहीत. सारख्याच उंचीच्या दोन मुलांत हातांच्या लांबीमुळे वीतभर फरक पडलेला मी कितीदा पाहिला आहे. लांब हातांचा ६ फूट १ चा मुलगा कॉलेजच्या पातळीवर फॉरवर्डला (गार्ड आणि सेंटर यांच्या मधल्या खेळाडूला) अडवू शकतो; आखूड हातांच्या मुलाला लवकर बाहेर सरकावं लागतं.

बुटक्या बिग मॅनला, म्हणजे आत खेळणाऱ्याला, या देशात जागाच नाही, हे मात्र मला मान्य नाही. इथल्या बास्केटबॉलचा इतिहास नेमका उलट सांगतो. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सने ब्राँझ मिळवलं आणि आशियातल्या एकाही पुरुष संघाने आजवर त्याहून वरचं स्थान मिळवलेलं नाही. त्या संघाचा सेंटर कार्लोस लॉयझागा जेमतेम ६ फूट ३ चा होता. व्यावसायिक लीग, म्हणजे पीबीए, १९७५ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या काळातला सगळ्यांत मोठा सेंटर रामोन फर्नांडेझ साडेसहा फुटांच्याही आतला, आणि तो चार वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्याची ताकद धक्काबुक्कीत नव्हती. तो सेंटर असून पास द्यायचा, रिबाउंड घेऊन स्वतः चेंडू पुढे न्यायचा, आणि एका पायावरून सोडलेला त्याचा तो 'एलिगंट शॉट' उंच बचावपटूंच्या हातांवरून जायचा. उंचीची उणीव त्याने चेंडूवरच्या हुकमतीने भरून काढली.

हे जुनं झालं, आता उंच खेळाडू आले, असं कुणी म्हणेल. खरंच आले. सेबूचा जून मार फाहार्दो जवळजवळ सात फुटांचा आहे आणि त्याने २०२५ पर्यंत नऊ एमव्हीपी मिळवले. पण २०१२ च्या ज्या ड्राफ्टमध्ये (पीबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) तो पहिला निवडला गेला, त्याच ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेला कॅल्व्हिन अबुएवा. उंची ६ फूट २ च्या आसपास, खेळायची जागा फॉरवर्ड. आदल्या वर्षी इथल्या कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धेत गुण, रिबाउंड आणि असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) या तिन्हींत तो पहिला होता. पीबीएच्या त्या मोसमाचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदितही तोच झाला.

आणखी एक मॅच तुमच्या मुलाला शोधून दाखवा, कारण दोन वेगळ्या प्रकारचे बुटके बिग तिच्यात शेजारी शेजारी दिसतात. ऑगस्ट २०१३, मनिला, फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) आशिया स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर कोरिया. फिलिपिन्सचा उंच सेंटर मार्कस डाउथिट दुखापतीने मॅचमधूनच बाहेर गेला. आत उरले मार्क पिंग्रिस आणि रानिडेल दे ओकाम्पो, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापाने दोघेही फॉरवर्डच. पिंग्रिसला बाहेरून शॉट फारसा नव्हता. तो सतत स्क्रीन लावायचा (साथीदाराला वाट मिळावी म्हणून बचावपटूच्या आड उभा राहायचा), रिंगकडे धावायचा, प्रत्येक रिबाउंडसाठी आधी अंगाने माणूस अडवायचा आणि मग चेंडूकडे बघायचा. दे ओकाम्पो बाहेर थ्री-पॉइंट रेषेवर उभा राहायचा, त्यामुळे कोरियाच्या मोठ्या खेळाडूला रिंग सोडून त्याच्यामागे यावं लागायचं आणि गार्डना आत वाट मोकळी मिळायची. फिलिपिन्स ८६-७९ ने जिंकलं आणि १९७८ नंतर प्रथमच विश्वचषकात पोचलं. तुमच्या मुलाने या दोघांपैकी कुणासारखं व्हावं हे मी इथे बसून सांगणार नाही, ते त्याचा स्वभाव ठरवेल. पण दोघांच्याही खेळात नुसतं पाठ करून रिंगखाली उभं राहणं नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहावं.

सध्याचं उदाहरण हवं असेल तर केव्हिन क्विआम्बाव. साडेसहा फुटांचा, शाळेत आत खेळणारा. ला साल विद्यापीठात मात्र चेंडू त्याच्याच हातात असायचा आणि अख्ख्या संघाचा खेळ त्याच्यातून चालायचा. २०२३ मध्ये विद्यापीठांच्या यूएएपी स्पर्धेचं विजेतेपद आणि एमव्हीपी, पुढच्या वर्षी पुन्हा एमव्हीपी, आणि मग थेट कोरियाची लीग. ज्युनियरचे कोच आता अशीच मुलं शोधतात.

आता शिकवायचं काय, आणि कोणत्या क्रमाने.

सगळ्यांत आधी पाय. गार्ड करायचं म्हटलं की पालक मुलाला जमिनीवर शंकू लावून ड्रिबलिंग शिकवायला धावतात. मी ते मागे ठेवतो. दोन पायांवर थांबणं, उजव्या आणि डाव्या दोन्ही पायांवर पिव्हट करणं (एक पाय रोवून वळणं), पुढे आणि मागे फिरणं, थांबल्यावर तोल न जाता समोर बघणं, हे ज्याला येतं त्याला पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळही जागा मिळते आणि बाहेरही. मोठ्या वाढीच्या काळात हातपाय अचानक लांब होतात आणि मुलाला स्वतःचं शरीर परकं वाटू लागतं. तेव्हा हा सराव आणखी महत्त्वाचा. रिंगच्या दोन्ही बाजूंनी डाव्या-उजव्या हाताने आलटून पालटून फळीवर शॉट मारायची मायकन ड्रिल रोज करू द्या, चेंडू खांद्याच्या खाली न आणता. बुटक्या बिगने चेंडू खाली आणला की तो गेलाच.

दुसरं म्हणजे पास, आणि माझ्या मते तुमच्या मुलाचं भवितव्य इथेच ठरेल. आजचा खेळ पिक-अँड-रोलचा आहे. बिग स्क्रीन लावतो, बचाव करणारे दोघेही गार्डवर धावतात, गार्ड चेंडू बिगला देतो. तेव्हा बिग फ्री थ्रो रेषेच्या आसपास असतो, समोर रिंग, आणि त्याच्या बाजूचे चार विरुद्ध समोरचे तीन. याला शॉर्ट रोल म्हणतात. साडेसहा फुटांचा उडी मारणारा मुलगा इथून सरळ रिंगवर जाईल. तुमच्या मुलाला ते जमणार नाही, कारण समोरचा उंच खेळाडू रिंगखाली उभाच असतो. इथल्या शाळा-कॉलेजांच्या स्पर्धा फिबाच्या नियमांनी चालतात आणि फिबात बचावाला एनबीएसारखा तीन सेकंदांचा नियम नाही. तो तिथे हवा तितका वेळ उभा राहू शकतो. म्हणून शॉर्ट रोलवर चेंडू मिळाला की तुमच्या मुलाने एका ड्रिबलच्या आत ठरवायचं असतं: कोपऱ्यातल्या शूटरला द्यायचा, रिंगच्या बाजूला दडलेल्या साथीदाराला द्यायचा, की स्वतः फ्लोटर, म्हणजे उंच हातांवरून अलगद जाणारा शॉट, सोडायचा.

हे नुसतं सांगून येत नाही. मी याचा सराव असा घेतो: दोन मुलं कोपऱ्यांत, एक रिंगजवळ, बचावाला फक्त दोघं. बिगला चेंडू मिळाल्यावर बचावातला एकजण हलतो, कुणाकडे ते त्याचं तोच ठरवतो. बिगने चेंडू येण्याआधीच मान वळवून बघितलेलं असलं पाहिजे. चेंडू घेऊन मग बघणाऱ्याला मी परत पहिल्यापासून करायला लावतो. पहिले काही आठवडे पास कुठेही जातात, मुलं वैतागतात. मग एके दिवशी त्यांना समोरचं दिसू लागतं, आणि एकदा दिसू लागलं की ते विसरलं जात नाही. पास देणारा बिग ५ फूट ११ वर थांबला तर उत्तम गार्ड होतो, कारण नजर तीच लागते. म्हणून हे पहिल्या वर्षात.

तिसरा शॉट. इथे घाई नको. चौदा वर्षांच्या मुलाला थेट ६.७५ मीटरच्या रेषेवर उभं केलं तर तो चेंडू कमरेपासून फेकायला लागतो आणि ती सवय जाता जात नाही. रिंगपासून हातभर अंतरावर, एका हाताने, चेंडू जाळीत नीट पडेपर्यंत. मग एकेक पाऊल मागे. शॉटची ढब बिघडली की पुन्हा पुढे. कोपऱ्यातून रेषा थोडी जवळ आहे, ६.६० मीटर, म्हणून पहिला थ्री-पॉइंट तिथला. त्याआधी फ्री थ्रो. आत धक्के खाणाऱ्या खेळाडूला फाऊल मिळतातच आणि ते वाया घालवणारा बिग शेवटच्या मिनिटांत बाकावर बसतो. फ्लोटरही याच काळात, दोन-तीन मीटरवरून, दोन्ही पायांवर थांबून आणि एका पायावरून, दोन्ही प्रकारे.

चेंडू हाताळणं चौथं, आणि तेही ठरावीक कामांपुरतं. रिबाउंड घेतल्यावर गार्डची वाट न बघता तीन-चार ड्रिबल करत स्वतः अर्ध्या कोर्टापर्यंत नेणं, आणि बाहेर चेंडू धरून जवळून धावणाऱ्या साथीदाराच्या हातात देणं, म्हणजे हँडऑफ. पाठीमागून, पायांमधून असले प्रकार त्याला करायचे असतील तर करू दे, मजा म्हणून. ट्रायआउटमध्ये त्याने कुणाची निवड होत नाही.

थोडक्यात क्रम असा: पाय, पास, शॉट, मग चेंडू. पाठीने रिंगकडे सरकण्याचं जे काम तो आज करतोय ते चालू राहू द्या. समोरचा गार्ड बुटका असेल तेव्हा त्याला आत नेऊन गुण काढणारा बाहेरचा खेळाडू फार कमी संघांकडे असतो.

बचावाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण बुटका बिग संघात टिकतो तो बचावामुळे. उंच माणसाला चेंडू मिळाल्यावर अडवायला जाणं उशिराचं आहे. त्याला चेंडू मिळूच नये, मिळाला तर रिंगपासून दोन पावलं लांब मिळावा, यासाठी तो धावत येत असतानाच छातीने त्याची वाट अडवायची आणि त्याच्या पुढे किंवा बाजूला उभं राहायचं. मांड्या खाली. ज्याची कमर खाली, जागा त्याची. रिबाउंडला आधी अंग लावायचं, मग चेंडू शोधायचा. फिबाच्या नियमात चेंडू रिंगला लागला की कुणीही त्याला हात लावू शकतो, त्यामुळे रिंगवर नाचणारा चेंडू बोटांनी ढकलून देण्याचा सराव करायला हरकत नाही. आणि गार्डसमोर बाजूला सरकत राहण्याचा सराव आठवड्यातून तीनदा तरी. स्विच झाल्यावर, म्हणजे बचावपटूंनी आपापले खेळाडू बदलल्यावर, समोरच्या गार्डला अडवू शकणारा फॉरवर्ड आज प्रत्येक कोचला हवा असतो.

शरीराचं. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखत असेल तर अंगावर काढू नका. वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांना हा त्रास नेहमी होतो, विश्रांतीने बहुधा बरा होतो, पण डॉक्टरांना दाखवा आणि काही आठवडे उड्या कमी करा. उडी मारण्याआधी उतरणं शिकवा: गुडघे आत न वळता, आवाज न करता. इथे बाजारात उंची वाढवण्याची सिरपं आणि गोळ्या खूप विकल्या जातात. नीट जेवणाऱ्या निरोगी मुलाची उंची त्यांनी वाढत नाही. ते पैसे अंडी, मासे आणि डाळीवर घाला. शुक्रवारी घरोघरी मोंगो, म्हणजे आपल्या मुगाची भाजी होते. ती आठवड्यातून तीनदा केली तरी चालेल. भाताच्या डोंगराबरोबर मुलाच्या ताटात गालुंगगोंग माशाचे दोन तुकडे जास्त पडावेत. आणि रात्री नऊ तास झोप, फोन दुसऱ्या खोलीत.

शाळेच्या कोचशी कसं बोलायचं हेही तुम्ही विचारलंय. "माझ्या मुलाला गार्ड करा" असं म्हणू नका. एक तर ते त्यांच्या कामात लुडबूड वाटते, दुसरं म्हणजे त्यांची गरज खरी आहे. दोनच परवानग्या मागा, आणि शक्यतो मुलाने स्वतः मागू दे: "कोच, रिबाउंड मिळाला तर मी स्वतः चेंडू पुढे नेऊ का? आणि स्क्रीन लावल्यावर कधी कधी रिंगकडे न जाता बाहेर थांबू का?" बहुतेक कोच हो म्हणतात. तेवढ्यावर एका मोसमात बरंच शिकता येतं.

बाकीचं शिकणं गल्लीतल्या कोर्टवर होतं. फिलिपिन्समध्ये जवळजवळ प्रत्येक बरांगायमध्ये, म्हणजे वस्तीत, कोर्ट आहे, हे केवढं भाग्य, हे मी पुण्यात वाढलो असल्यामुळे मला फार जाणवतं. आमच्याकडे कोर्टसाठी क्लब लागायचा. संध्याकाळी त्याला त्याच्या वयाच्या मुलांत खेळू देऊ नका. तिथे तो पुन्हा सेंटरच होतो. वीस-पंचवीस वर्षांच्या कुयांबरोबर, म्हणजे दादा लोकांबरोबर, पाठवा. त्यांच्यात तो बुटका ठरेल, आपोआप बाहेर उभा राहील, त्याला पास द्यावे लागतील, तगड्या माणसाला खालून अडवावं लागेल. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या मॅचेसपासून मात्र लांब ठेवा. तिथे कोपर चालतात आणि चौदा वर्षांच्या मुलाचं तिथे काही काम नाही. जवळपास थ्री-बाय-थ्रीची स्पर्धा असेल तर नाव घाला. अर्धं कोर्ट, १२ सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट मारायचा), तिघंच खेळाडू. लपायला जागा नाही, प्रत्येकाला सगळं करावं लागतं.

ट्रायआउटच्या दिवशी त्याने गार्डच्या रांगेत जाऊन उभं राहू नये. तिथे लहानपणापासून चेंडू खेळवणारी मुलं असतात. त्याने फॉरवर्डच्या रांगेत राहावं आणि तिथल्या इतरांना जे येत नाही ते दाखवावं: रिबाउंड घेऊन पुढे नेणं, शॉर्ट रोलवरून कोपऱ्यात पास, कोपऱ्यातून मोकळा शॉट. मोठ्याने बोलावं, स्क्रीन येतोय हे साथीदाराला ओरडून सांगावं. निवड करणाऱ्यांच्या कानावर ते पडतं. या वर्षी निवड झाली नाही तरी वय हातात आहे. पुन्हा देता येते.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील. हात वर करून भिंतीवर बोटं कुठे पोचतात ते माप, दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं माप, आणि त्याच्या एखाद्या मॅचचं दहा मिनिटांचं चित्रण, ज्यात चेंडू त्याच्याकडे नसतानाही तो दिसतो. आणि त्याला स्वतःला काय आवडतं, आत झगडणं की बाहेरून खेळ रचणं, तेही त्याला विचारून लिहा.